चार कपाटं आणि ‘आधी काय?’ : प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

आमच्या महाविद्यालयातल्या जुन्या भाषा प्रयोगशाळेची चावी कार्यालयातून मिळाली. पाटी अजून तीच आहे, हेडफोनचे कप्पे मात्र कधीच निघाले. आता तिथे मोडके बाक, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि चार लोखंडी कपाटं. पहिल्यात पाव इंची टेपची रिळं. दुसऱ्या-तिसऱ्यात कॅसेटी, काही चपलांच्या खोक्यांत, काही रेशनच्या पिशवीत. चौथ्यात व्हीएचएस, खाली यू-मॅटिक या जुन्या व्हिडिओ प्रकाराच्या जाड कॅसेटी आणि १६ मिमी फिल्मचे डबे. त्या कपाटाचं दार उघडलं की शिरक्याचा उग्र वास येतो.

काम थोडक्यात असं : काय आहे ते बघायचं, यादी करायची, आणि डिजिटल करताना आधी काय घ्यायचं ते ऑगस्टअखेर ठरवून थोडं करूनही दाखवायचं. माणसं मी, ग्रंथालयातले दादा आणि एम. ए.चे दोघं.

“सगळंच करून टाका ना एकदाचं,” असं येणारा-जाणारा म्हणतो. ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटं लागतातच. ती साफ करणं, मशीन जुळवणं, नोंद करणं धरलं तर एका मशीनवर दिवसाला दोन-तीनच्या वर जात नाहीत. सगळं होणार नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवते.

११ मार्च

दुसरीकडे हे कसं केलं ते वाचलं. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने २००९ मध्ये ब्लूमिंग्टन परिसरातली पाहणी केली, तेव्हा निरनिराळ्या विभागांकडे मिळून ध्वनी, व्हिडिओ आणि फिल्मच्या साडेपाच लाखांवर वस्तू निघाल्या. मग त्यांनी दोन प्रणाली बनवल्या. ‘मीडियास्कोअर’ वस्तू किती वेगाने बिघडते आहे याचे गुण देते, ‘मीडियारिव्हर्स’ तिच्या अभ्यासमूल्याचे. मला पटलं ते एवढंच की दोन्ही गुण वेगळे द्यायचे, एकाच डोक्याने एकाच वेळी नाही. नाहीतर जे आवडतं तेच धोक्यात आहे असं वाटायला लागतं.

आपल्याला प्रणाली वगैरे नको, एक्सेल पुरे. ‘झीज’ आणि ‘मोल’ हे दोन रकाने घेतले. तिसरा आमचा : ‘दुसरीकडे आहे का’. दादा म्हणाले चौथाही घाला, ‘वाजवायला मशीन आहे का’. घातला. खरं तर मशीन नसणं हाच सगळ्यात मोठा धोका आहे. फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर जगात नवा व्हीसीआर कोणी बनवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहाने चुंबकीय टेपसाठी २०२५ ही मुदत सांगून ठेवली होती, त्यामागे टेपच्या वयाइतकंच चालू मशीन आणि ती चालवणारी माणसं संपत जाण्याचं कारण होतं. आपण श्रीगणेशा केला तो २०२५ मध्ये. असो.

१९ मार्च

कॅसेटींची यादी सुरू. निम्म्या तरी आमच्या मराठी विभागातल्या निवृत्त सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून भरलेल्या : आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, कानबाई या खानदेशी देवीची गाणी, वह्या (हाही गाण्यांचाच प्रकार), जात्यावरच्या ओव्या. लेबलांवर बॉलपेन. तारखा क्वचित.

तारीख नसली तरी पत्त्यावरून अंदाज येतो. “धडगाव, जि. धुळे” असं लिहिलेलं दिसलं की कॅसेट बहुधा १ जुलै १९९८ च्या आधीची, कारण त्या दिवशी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. लोक जुना जिल्हा सवयीने लिहीत राहतात, म्हणून ‘बहुधा’.

दुसरी खूण जास्त कामाची निघाली. एका खोक्यावर “सिनेमा — भंगार” असं कोणीतरी खडूने लिहिलेलं. आत छापील वेष्टनाच्या हिंदी गाण्यांच्या कॅसेटी. विकत मिळणाऱ्या भरलेल्या कॅसेटीच्या वरच्या कडेला दोन भोकं असतात. तिथलं प्लास्टिक मोडलेलं असतं, म्हणजे तिच्यावर चुकून भरलं जाऊ नये. यातल्या कित्येकींची भोकं चिकटपट्टीने बुजवलेली होती. पट्टी पिवळी पडून सुकली आहे, पण जागेवर आहे. भोक कोणी हौसेने बुजवत नाही. एक लावून पाहिली. नायिकेचं अर्धं कडवं, मग खट्ट असा आवाज, आणि एक म्हातारी अहिराणीत सांगते आहे की पूर्वी लग्नात हळद कोणी दळायची.

सरांना फोन केला. म्हणाले, “कोऱ्या कॅसेटीला पैसे लागायचे हो. मुलं घरातून जी मिळेल ती आणायची.” भंगाराचं खोकं यादीत सगळ्यात वर आलं. बुजवलेलं भोक दिसेल ती कॅसेट वाजवून बघितल्याशिवाय बाजूला टाकायची नाही, असा नियम केला.

२ एप्रिल

आज फिल्म. शिरक्याचा वास म्हणजे अ‍ॅसिटेट फिल्म कुजते आहे. सेल्युलोज अ‍ॅसिटेटमधून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल पुढची कुज आणखी वेगाने घडवतं. शेजारच्या चांगल्या डब्यालाही ते लागतं. म्हणून वासाचे डबे आधी वेगळे काढून वरच्या हवेशीर खोलीत नेले. हे काम यादीची वाट बघत नाही.

आपल्याकडे फिल्म म्हटलं की लोकांना २००३ च्या जानेवारीतली पुण्याची आग आठवते. तिथे जळाली ती नायट्रेट फिल्म, चटकन पेट घेणारी. १६ मिमी फिल्म सुरुवातीपासून सुरक्षित पायावरच निघाली, त्यामुळे आमच्याकडे तो धोका नाही. शिपाई मामांना हे समजावून सांगितलं, तेव्हा कुठे ते डब्यांना हात लावायला तयार झाले.

प्रोजेक्टर आहे आणि लावून बघण्याचा मोह सगळ्यांना आहे. नाही म्हटलं. आकसलेली फिल्म दात्यांवर चढवली की छिद्रं फाटतात. त्याऐवजी मोजली. १६ मिमी प्रिंटमध्ये दोन छिद्रांमधलं अंतर ७.६२ मिमी असतं, म्हणजे शंभर छिद्रांना ७६२ मिमी. शिवणकामाची नको, स्टीलची पट्टी घेतली. पहिल्याच रिळात आठ-नऊ मिलिमीटर कमी भरले. एक टक्क्याच्या वर आकसली म्हणजे साध्या प्रोजेक्टरचं काम संपलं.

आता ‘दुसरीकडे आहे का’ हा रकाना. बहुतेक डबे फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांच्या प्रिंटा. १९४८ पासून त्या देशभर वाटल्या गेल्या, मूळ सामग्री मुंबईत. आमची प्रिंट गेली तर वाईट वाटेल, फिल्म मात्र जाणार नाही. सगळ्यात जास्त वास मारणारे आणि पाहुण्यांना दाखवायला सगळ्यात भारी दिसणारे डबे असे यादीत खाली गेले.

एक सोडून. विना लेबलचा छोटा डबा, रिव्हर्सल फिल्म. कॅमेऱ्यातून गेलेलीच फिल्म धुऊन पॉझिटिव्ह होते, निगेटिव्ह नसतेच, म्हणजे जगात ही एकच प्रत. भिंगातून काही चौकटी पाहिल्या : पायाभरणी, बैलगाड्यांतून विटा, टोप्या घातलेली माणसं. आमचीच इमारत. हिचं स्कॅनिंग इथे होणार नाही, मुंबई-पुण्यालाच पाठवावी लागेल. तोवर घट्ट पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये.

१६ एप्रिल

मशीनसाठी नाना. मागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. आता मोबाइलची कव्हरं विकतात, पण आत फळीवर अजून डेक आहेत. आमचा कॅसेट डेक उघडला तर बेल्टचा वितळलेल्या गुळासारखा चिकटा झालेला, बोटांना काळा लागला तो दिवसभर निघाला नाही.

“ताई, हेड चांगला आहे. बेल्ट आणि पिंच रोलर बदलू. पण एक सांगतो, दर कॅसेटला हा स्क्रू फिरवावा लागेल.”

स्क्रू म्हणजे हेडचा कल. भरणाऱ्या मशीनचा हेड किंचित तिरका असेल तर सरळ हेडवर आवाज गोधडीखालून आल्यासारखा लागतो, आणि स, श, च हे वरचे आवाज पहिले जातात. नानांनी कानाने ऐकत पाव फेराही नाही एवढा स्क्रू हलवला आणि बांगड्या ऐकू आल्या. हे सॉफ्टवेअरने नंतर होत नाही. टेपवरून जे उचललंच नाही, ते फाइलमध्ये कुठून येणार? दोघा विद्यार्थ्यांना नानांकडे पाठवायचं ठरवलं. पुस्तकातून हे येणार नाही.

यू-मॅटिकचा डेक नानांनी लांबूनच नमस्कार करून सोडून दिला.

३० एप्रिल

आखाजी. सुट्टी, पण वीज दिवसभर राहील असं कळल्यामुळे आलो. यूपीएस आहे, मध्येच वीज गेली तर चालू कॅसेट पुरी होते एवढंच.

उतरवण्याची पद्धत ठरली : ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे संकेत किमान ४८ सांगतात, जमेल तिथे ९६. स्टिरिओ धरून तासाला साधारण दोन जीबी. खरखर काढायची नाही, आवाज ‘सुंदर’ करायचा नाही. ऐकवायची प्रत वेगळी काढू, तिच्यात काय हवं ते करा.

आजच्या कॅसेटीची आतली दाबपट्टी निखळलेली. पितळी पात्यावर नमद्याचा इवलासा तुकडा असतो, तो टेपला हेडशी धरून ठेवतो. डिंक सुकला की तो गळतो आणि आवाज येत-जात राहतो. पाच स्क्रूच्या नव्या खोळीत दोन्ही चकत्या अलगद हलवल्या. श्वास रोखून करायचं काम, कारण चकती सुटली की टेबलभर टेप.

गाणी झोक्यावरची, गौराईची. पण शेवटाकडे बायांचे आवाज बारीक होत होत चिवचिवायला लागले. विद्यार्थी म्हणाला मशीन बिघडलं. मशीन ठीक आहे. भरताना बॅटरी उतरत होती, टेप हळू सरकत होती. आता नेहमीच्या गतीने वाजवली की आवाज चढतो. वीज नसलेल्या गावात चार सेलवर भरलेली कॅसेट. मूळ फाइल जशी आहे तशी ठेवली, गती दुरुस्त केलेली दुसरी प्रत काढली आणि तसं नोंदीत लिहिलं.

१४ मे

रिळं. पहिलं लावताच किंचाळायला लागलं आणि हेडवर तपकिरी लेप जमला. लगेच थांबवलं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांचा बांधक, म्हणजे चुंबकीय थर धरून ठेवणारा पदार्थ, हवेतली ओल शोषून चिकट होतो. उपाय म्हणजे मंद आचेवर भाजणं, साधारण ५०–५४ अंशांवर आठ तास किंवा जास्त. काही आठवडे टेप वाजण्याजोगी होते, तेवढ्यात उतरवून घ्यायची.

पण अ‍ॅसिटेटची टेप भाजायची नाही. ओळख सोपी : रीळ उजेडासमोर धरायचं. आरपार उजेड जाणवला तर अ‍ॅसिटेट, ठार काळोख असेल तर पॉलिएस्टर. आमच्यातली बरीच जुनी रिळं अ‍ॅसिटेटची निघाली आणि गंमत म्हणजे तीच नीट वाजताहेत. नवी, महागडी रिळं आजारी. वयावरून क्रम लावला असता तर उलटाच लागला असता.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमनी इनक्युबेटर दिला. “त्यात आधी काय वाढवलं होतं ते विचारू नका,” म्हणाल्या. धुऊन-पुसून घेतला. बाहेर पारा चव्वेचाळीसला टेकला की दादांचा सल्ला ठरलेला : गच्चीवर ठेवा. रात्री तापमान उतरतं, धूळ बसते, आणि कड एका बाजूने तापते. इनक्युबेटरच बरा.

२८ मे

यंदा मे सरायच्या आधीच पाऊस. खोलीतला आर्द्रतामापक झपाट्याने वर गेला. दोन खोक्यांत पांढरी बुरशी, कॅसेटीच्या खिडकीतून चकतीच्या कडेला धाग्यांसारखी दिसते. ती मशीनला लावायची नाही, नाहीतर डेक ती पुढच्या प्रत्येकीला वाटत सुटेल. मास्क, हातमोजे, वेगळी खोली, कोरडी हवा. आधी सुकवून निष्क्रिय, मग साफ. डांबरगोळ्या सगळ्या उचलून फेकल्या. ‘झीज’ रकान्यात या दोन्ही खोक्यांना पूर्ण गुण.

आमच्याकडे उन्हाळ्यात रखरख आणि पावसाळ्यात दमट. टेपला एकवेळ थोडी उष्णता चालेल, पण हे खाली-वर होणं तिला जास्त सोसत नाही. वातानुकूलन चोवीस तास चालवायचं नसेल तर दिवसापुरतं चालवू नका, असं लेखी दिलं.

१९ जून

बैठक. संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, आम्ही. त्यांची यादी तयार होती : रौप्यमहोत्सवाचं व्हीएचएस, उद्घाटनं, मान्यवरांची भाषणं, स्नेहसंमेलनं. पुढच्या वर्षी कार्यक्रम आहे, पडद्यावर दाखवायचं आहे. त्यांचं म्हणणं अगदीच गैर नाही. संस्थेची आठवणही आठवणच आहे, आणि पैसा तेच देणार आहेत.

मी तक्ता मांडला. रौप्यमहोत्सवाची व्हीएचएस बऱ्या स्थितीत, शिवाय त्या काळी व्हिडिओवाल्याने प्रती काढून पाहुण्यांना वाटल्या होत्या. गावात आजही चार घरी सापडेल. टीव्हीवरून भरून ठेवलेले ‘कंट्रीवाइड क्लासरूम’चे तास खालच्या थरात, कारण १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर गेलेले ते कार्यक्रम इथे तयार झालेले नाहीत. आणि भंगाराच्या खोक्यातली म्हातारी? ती दुसरीकडे कुठेच नाही.

अध्यक्ष अण्णांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “पण त्या बाईचं कोण ऐकणार?” प्रश्न सरळ होता, कुत्सित नव्हता. निवृत्त सर बोलले : इतिहासाचार्य राजवाडे दप्तरं गोळा करत हिंडत होते तेव्हाही त्यांना हेच विचारलं जायचं, आणि आज आपण बाहेरच्या पाहुण्यांना धुळ्यातलं त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ दाखवायला नेतो. अण्णा हसले. तडजोड अशी : कार्यक्रमासाठी रौप्यमहोत्सव एकच, बाकी क्रम तक्त्याने.

८ जुलै

‘मोल’ रकान्यात मी पावरी आणि भिली या आदिवासी बोलींच्या कॅसेटींना मधले गुण दिले होते, कारण त्यातलं मला कळत नव्हतं. आज धडगावकडची द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी ऐकायला बसली. एका कॅसेटीवर फक्त “होळी, भोंगऱ्या” (होळीआधीचा आदिवासी बाजार) लिहिलेलं. ती ऐकता ऐकता थांबवायला सांगत होती. मध्ये एकजण गावांची नावं घेतो, वाटेने लागतील त्या क्रमाने.

“मॅडम, यातली खालची गावं आता पाण्यात आहेत.”

सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. वसाहतींना नावं दिली गेली, वाट मात्र तीच राहिली नाही. ‘मोल’ला पूर्ण गुण. आणि पुढे असं ठरवलं की जी बोली येत नाही तिच्या कॅसेटीला ती येणारं माणूस गुण देईल. तिला मानधन ग्रंथालयाच्या कमवा-शिका योजनेतून.

५ ऑगस्ट

रविवारी कानबाई बसली, काल विसर्जन. विद्यार्थ्याच्या आजी आणि शेजारच्या दोघी मावश्या रोटाचा प्रसाद घेऊन आल्या, त्यांना कानबाईची एक कॅसेट ऐकवली. लेबलवर शिरपूरजवळच्या एका गावाचं नाव. आजींनी पहिल्या कडव्यालाच मान हलवली.

“ह्या आमना गावन्या बाया नई शेतस. हाई चाल साक्रीकडली शे.”

दुसऱ्या मावशीने नाही म्हटलं. बराच वाद झाला, दोघींनी आपापल्या चालीने म्हणून दाखवलं. तेही भरून घेतलं, विचारून. नोंदीत गावाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आणि दोघींचं म्हणणं.

विचारण्यावरून मोठा मुद्दा निघाला. गाणाऱ्यांची लेखी परवानगी कुठेच नाही, तेव्हा कोणी घेत नसे. कलावंतांचे हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आले. कायदा बाजूला ठेवला तरी एखादीने चार बायकांत म्हटलेली शिवराळ ओवी उद्या मोबाइलवर फिरलेली तिच्या नातवंडांना आवडेल असं नाही. ठरलं : सगळं जतन, पण ऐकायला महाविद्यालयात यायचं. इंटरनेटवर फक्त घरच्यांनी हो म्हटलेलं.

२२ ऑगस्ट

क्रम पक्का करून प्राचार्यांकडे दिला. पहिल्या थरात बुजवलेल्या भोकांच्या कॅसेटी, बुरशीची दोन खोकी, पावरी-भिली आणि ती रिव्हर्सल फिल्म. दुसऱ्यात चिकट रिळं. भाजलेल्यांचं उतरवून झालं आहे, बाकीच्यांना इनक्युबेटर मोकळा मिळेल तसं. यू-मॅटिकसाठी चालू डेक असलेल्या ठिकाणी एकगठ्ठा पाठवायचं. त्यात पावरी नृत्याचं चित्रण असल्याचं लेबल आहे, म्हणून थर दुसरा, नाहीतर तिसराच होता. मिनीडीव्ही, म्हणजे हातातल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटी, यावरून दादांचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. ते म्हणतात नवं आहे, थांबेल. मी म्हणते टेप सहा मिलिमीटरची आणि कॅमेरे भंगारात चाललेत, कॅमेरा संगणकाला जोडायची फायरवायरची वायर मिळते आहे तोवर उरकून घ्या.

फाइलींच्या दोन प्रती इथे, वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात. प्रत्येक फाइलीचा चेकसम (फाइल बदलली तर बदलणारा आकडा) काढला आहे, दर सहा महिन्यांनी पडताळायचा, आणि ते काम माणसाच्या नावाने नाही, ग्रंथालय सहायक या पदाच्या नावाने लावून घेतलं. उतरवलेल्या कॅसेटी फेकायच्या नाहीत.

सत्कार-समारंभांच्या उरलेल्या व्हीएचएस आणि माहितीपटांच्या प्रिंटांपुढे ‘नंतर’ असा शेरा होता. तो खोडून ‘करणार नाही’ लिहिलं, कारणासह, आणि खाली सही केली. प्रिंटांसाठी आधी मुंबईला पत्र जाईल. तिकडे एखादी नसल्याचं उत्तर आलं तर तेवढी ओळ बदलेल.